कार्यक्षमतेचा हिशेब द्या

समान संधीचा विषय निघाला की उद्योगवाल्यांचे उत्तर तयार असते. आम्हाला धंदा चालवायचा आहे, कार्यक्षमतेशी तडजोड होणार नाही. ठीक आहे, नकोच तडजोड.

मग हिशेब होऊन जाऊ द्या.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना हजारो अर्ज धाडले गेले. शिक्षण तेच, पात्रता तीच, फक्त नावे वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखत झालीच नाही, तर गुणवत्ता पाहिली कुणी?

आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवणे हा निव्वळ धंद्याचा तोटा आहे.

‘पण आरक्षणाने कामाचा दर्जा घसरतो.’ कुठे घसरला? अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या काळातली आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी वाढले म्हणून उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. उलट वरच्या अ आणि ब श्रेणींत हे प्रमाण वाढले, तिथे काही बाबतींत कामगिरी सुधारलेली दिसली. गाडी लेट झाली, तर कारण दुसरीकडे शोधा.

राज्यघटनेच्या कलम ३३५ मध्ये प्रशासनाच्या कार्यक्षमतेचा उल्लेख आहे. बढत्यांमधल्या आरक्षणाला विरोध करणारे वर्षानुवर्षे त्यावर बोट ठेवत आले. मे २०१९ मध्ये बी. के. पवित्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. कार्यक्षमता ठरवताना समाजातल्या सगळ्या घटकांचा कारभारातला सहभागही पाहावा लागतो, फक्त परीक्षेतले गुण पाहून चालत नाही. वादाचा निकाल लागला, सवय मात्र तशीच राहिली.

आता संचालक मंडळाकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमणे बंधनकारक केले. गुणवत्तेचा घोष करणाऱ्या अनेक कंपन्यांना लायक बाई नेमकी मालकाच्या घरातच सापडली. पत्नी, मुलगी, बहीण. शेवटी सेबीला नियम करावा लागला. आधी पहिल्या ५००, मग पहिल्या १००० कंपन्यांत एक महिला संचालक स्वतंत्र असलीच पाहिजे.

घरातल्यांसाठी गुणवत्तेची परीक्षा का नसते?

एका ठिकाणी मात्र धंद्याची तक्रार रास्त आहे. २०१७ मध्ये प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. रजा हवीच. पण जिथे कर्मचारी राज्य विमा लागू नाही, तिथे पगाराचा पूर्ण भार एकट्या मालकावर पडतो. दहा माणसांच्या वर्कशॉपला तो झेपत नाही. मग मुलाखतीत मुलीला विचारतात, लग्न कधी, मूल कधी? तिच्याबरोबर बसलेल्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

हा खर्च सरकारने आणि समाजाने वाटून घ्यावा. तो मुलीच्या नोकरीतून वसूल करू नये.

खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा २००६ मध्ये तापली, तेव्हा उद्योग संघटना म्हणाल्या, कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू. आचारसंहिताही लिहिली. त्यातून किती तरुणांना नोकरी मिळाली, किती जण वरच्या पदावर पोहोचले? प्रत्येक कंपनीने हे जाहीर का करू नये?

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या अहवालात महिला आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते. मनुष्यबळाच्या त्या तक्त्यात जातीचा रकाना नाही. तो घाला. श्रेणीनुसार, पगारानुसार आकडे दरवर्षी छापा. तिमाही नफा पैशापर्यंत मोजणाऱ्यांना हे अवघड नाही.

कार्यक्षमतेवर खरोखर विश्वास असेल तर दार उघडा, सगळ्यांना एकाच मापाने मोजा आणि निकाल लोकांसमोर ठेवा. तोवर तुमच्या कार्यक्षमतेवर आम्ही विश्वास का ठेवावा?