दिवसाआड नदी

चिंचवडचा माणूस नागपूरला लग्नाला गेला आणि कोणी विचारलं, "तुम्ही कुठले?" तर तो बिनदिक्कत "पुण्याचा" म्हणून मोकळा होतो. तोच माणूस रविवारी लक्ष्मी रोडला साड्या बघायला निघाला की शेजाऱ्याला सांगतो, "जरा पुण्याला जाऊन येतो." यात त्याला काही वावगं वाटत नाही आणि शेजाऱ्यालाही नाही. पत्त्यात पुणे, पिनकोड 411033, पाणीपट्टी मात्र पिंपरी-चिंचवडची. 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मोट बांधून इथं नगरपालिका झाली, 1982 साली ती महानगरपालिका झाली, आणि पुढे 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' म्हणून तिचा गवगवाही झाला. ही मोजदाद कोणी केली, जपानला त्यात विचारलं होतं का, याच्या खोलात आम्ही कधी शिरलो नाही. मोठेपणा आपणहून दारात आला की पावती मागू नये.

या गवगव्यात एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आम्हाला तीन नद्या आहेत. उत्तरेच्या शिवेवर इंद्रायणी, दक्षिणेच्या शिवेवर मुळा, आणि किवळे-रावेतकडून शिरून दापोडीला मुळेत मिळणारी पवना तर थेट पोटातून. पुण्याकडे दोनच, मुळा आणि मुठा, त्यातलीही मुळा आमच्याशी सामाईक. तेवढ्या भांडवलावर पुण्यानं संगम, घाट, ओंकारेश्वर, नदीपात्रातला रस्ता आणि त्या रस्त्यावरून होणारे वाद एवढा पसारा मांडला. आम्ही तीन नद्या बाळगून 'उद्योगनगरी' म्हणवून घेतो. औंधचा माणूस सांगवीच्या पुलावरून इकडे आला की त्याला वाटतं आपण गाव सोडलं. पाणी तेच, जलपर्णी तीच, फक्त महापालिका बदललेली.

असं झालं याला कारण आहे. जुनी गावं नदीला धरून वसली होती. चिंचवड, थेरगाव, रहाटणी, सांगवी, कुठलंही गावठाण घ्या, देऊळ, घाट आणि स्मशान नदीच्या बाजूला सापडतील. मग 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि देशाचं पेनिसिलीन इथं तयार होऊ लागलं. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, बजाज आली. या सगळ्यांना लागत होता मुंबईचा रस्ता आणि रेल्वेचा रूळ. त्यामुळे नवं शहर महामार्गाकडे तोंड करून बसलं आणि नदी आपोआप परसदारी गेली. परसदारी जे टाकतात ते मग तिच्यात पडू लागलं.

गंमत म्हणजे या शहरातला सर्वांत देखणा पाणकाठ कारखान्याच्या भिंतीआड आहे. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या उजाड माळावर झाडं लावून घेतली आणि तळंही करवून घेतलं. तिथं पक्षी येतात, पार परदेशातूनसुद्धा. त्यांना गेटपास लागत नाही. आम्हाला लागतो.

चिंचवडला मोरया गोसावींचं समाधी मंदिर पवनेला अगदी लागून आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की पवना मंदिरात शिरते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो: 'मोरया गोसावी मंदिरात पाणी'. बातमीतलं साल तेवढं बदलायचं. उन्हाळ्यात त्याच घाटावर उभं राहिलं तर पाणी दिसतच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णीचा हिरवागार गालिचा, मधूनमधून जांभळे तुरे आणि त्यावर ऐटीत चालणारा एखादा बगळा. नवख्या माणसाला ते क्रिकेटचं मैदान वाटेल. मग पोकलेन येतं, सोंडेनं ती जलपर्णी ओढून काठावर ढीग घालतं. ढीग वाळेपर्यंत नदीत नवी पोरं उगवलेली असतात. डास यातल्या कुठल्याच टप्प्यावर स्थलांतर करत नाहीत.

इंद्रायणीचं तर काय सांगावं. तुकोबांची गाथा जिनं तेरा दिवसांनी कोरडी परत केली असं सांगतात, तीच ही. आता आळंदीत तिला पांढराशुभ्र फेस येतो. लांबून पाहुण्याला बर्फ वाटावा. वारकरी तो हातानं बाजूला सारतात आणि तरीही स्नान करतात. मला त्यांच्या श्रद्धेचं कौतुक वाटतं आणि आपली लाजही वाटते.

ही इंद्रायणी ओलांडून रोज हजारो माणसं चाकणला कामाला जातात. शायिस्तेखानाला 1660 साली चाकणच्या संग्रामदुर्गापुढे दीड महिन्याहून जास्त तळ ठोकून बसावं लागलं, कारण आत फिरंगोजी नरसाळा होता. आता आत कोणी लढत नाही, तरी चाकणात शिरायला वेळ लागतोच. नाशिक रस्त्याला मोशीजवळ कंपनीच्या बस, कंटेनर, कांद्याचे ट्रक आणि दुचाकी एकमेकांत अडकून उभ्या राहतात. नेमकी आपली बस पुलावर थांबते. मोबाईलची बॅटरी उतरलेली, शेजारचा खिडकीला डोकं टेकून झोपलेला. अशा वेळी नाइलाजानं माणूस खाली बघतो आणि त्याला नदी दिसते. या पट्ट्यातल्या कितीतरी लोकांचा इंद्रायणीशी जो काही परिचय आहे तो वाहतूक कोंडीच्या कृपेनं झालेला आहे.

बाकी आमचं पवनेशी नातं नळातून. मावळातल्या पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीला सेक्टर 23 मध्ये शुद्ध होतं आणि मग घरोघर जातं. हे पाणी धरणातूनच बंद नळानं आणायचं ठरलं, तेव्हा मावळातला शेतकरी रस्त्यावर उतरला. नदी नळात गेली तर काठच्या मोटारींनी काय ओढायचं, हा त्याचा साधा प्रश्न होता. 9 ऑगस्ट 2011 ला एक्स्प्रेस वेवर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. नळ सोडताना ही तारीख आमच्यापैकी फारशी कोणाला आठवत नाही. मावळात ती कोणी विसरलेलं नाही.

नोव्हेंबर 2019 पासून शहरात पाणी दिवसाआड येतं. म्हणजे तीन नद्यांच्या शहरात नदी एक दिवस घरी येते आणि एक दिवस विश्रांती घेते. धरण भरल्याची बातमी आली की लोक आनंदानं विचारतात, "मग आता रोज?" उत्तर मिळत नाही, धरण भरतं, दिवसाआड तसाच राहतो. वाकड-पुनावळ्याच्या उंच सोसायट्यांत तर टँकर हाच पाहुणा आणि हाच यजमान. त्याचा रिव्हर्सचा भोंगा वाजला की विसाव्या मजल्यावरची बाल्कनीसुद्धा खाली डोकावते.

ती बाल्कनी 'रिव्हर व्ह्यू' असते, त्याचे वेगळे पैसे मोजलेले असतात. नदी बघायला पैसे द्यायचे आणि पाणी प्यायला टँकरला द्यायचे, असा दुहेरी व्यवहार. त्यात पुन्हा पूररेषांचं शास्त्र आहे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा नकाशावर असतात, जमिनीवर दिसत नाहीत, आणि विकणाऱ्याला तर त्या नकाशावरही दिसत नाहीत. मे 2025 मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले महापालिकेनं पाडले. आयुष्याची कमाई घातलेली माणसं बाहेर उभी राहून बघत होती. नदीनं त्यांना काही केलं नव्हतं. ती तिच्या जागेत होती.

आता नदी सुधारणार आहेत. योजनेच्या चित्रांत पवनेचं पाणी निळं आहे आणि काठाच्या दगडी वाटेवरून माणसं कुत्री घेऊन फिरताहेत. ती माणसं इतकी निवांत आहेत की त्यांना फर्स्ट शिफ्ट नसावी.

आमचा खरा नदी महोत्सव चित्राविनाच होतो, जुलै-ऑगस्टात. धरणाचे दरवाजे उघडले की अख्खं शहर पुलांवर जमतं. पोरं खांद्यावर, हातात कणीस, डोक्यावर एकच छत्री आणि तिच्याखाली चौघं. पोलीस शिट्ट्या मारत असतात, लोक कठड्याला चिकटलेले. एरवी नदीचं नाव न काढणारा माणूस त्या दिवशी क्युसेकमध्ये बोलतो. गेल्या पावसात थेरगावच्या पुलावर असेच एक गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो, लवकर या. पाणी आलंय!"

गृहस्थांचा चेहरा पडला. "अगं, किती आलंय? टीव्ही वर उचलून ठेव, कागदपत्रं घे आणि वरच्या काकूंकडे जा. मी निघालोच!"

"अहो, नळाला आलंय. गढूळ आहे, पण आलंय. मोटर लावायला या."

गृहस्थांनी फोन खिशात टाकला, कणीस माझ्या हातात दिलं आणि गर्दीतून वाट काढत धावत सुटले.