किती वाजून किती मिनिटांनी?

वीज गेली की लोक खिडकीतून डोकावतात, समोरच्यांकडेही अंधार दिसला की त्यांना बरं वाटतं. आमचे आतोबा आधी घड्याळ बघतात. मग फोन सुरू. "तुमची किती वाजून किती मिनिटांनी गेली? अंदाजे नको."

आतोबांची सगळी नोकरी समुद्राच्या तळाचा अभ्यास करण्यात, गोव्यात झाली. निवृत्तीनंतर घर घेतलं ते मात्र पुण्यात. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर, आणि वर चौथा मजला. पाहुण्याला पाण्याच्या आधी ही उंची मिळते.

घड्याळाचं हे वेड कुठून आलं, ते ऐकल्याशिवाय आमच्या घरातल्या एकाही जावयाची सुटका झालेली नाही. १८ नोव्हेंबर १९२९. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्सपाशी ७.२ तीव्रतेचा भूकंप. जवळच्या तारायंत्राच्या केबल तिथल्या तिथे तुटल्या. पण पुढच्या, आणखी खोलातल्या केबल एकामागून एक तुटतच राहिल्या. शेवटची तुटली ती १३ तास १७ मिनिटांनी! इथे आतोबा थांबतात आणि जावयाकडे रोखून बघतात, जणू ती त्यानंच तोडली. "भूकंप तेरा तास दबा धरून बसतो होय?" उतारावरचा गाळ घसरला होता. पाण्यात कालवला जाऊन त्याचा लोंढा तळावरून धावत सुटला आणि आडव्या आलेल्या केबल तोडत गेला. हेझेन आणि युइंग या संशोधकांनी १९५२ साली हे मांडलं, केबल तुटल्याच्या वेळा एकापुढे एक लावून. "डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं हो. कुणीतरी वेळ नीट लिहून ठेवली होती, एवढंच."

त्या रात्री तिथल्या किनाऱ्यावर त्सुनामीनं पंचवीसहून अधिक माणसं नेली. जमिनीवरची तार आधीच वादळात तुटलेली, त्यामुळे बाहेर कुणाला काही दिवस पत्ताच नाही. हे सांगताना आतोबा चष्मा पुसतात. तेव्हा कुणी मध्ये बोलत नाही, आत्यासुद्धा.

एरवी ती बोलते. परवा तिनं कपाटातून एक शाल ओढली आणि वरच्या गोधड्या, पडदे, लग्नातले आहेर असं सगळं अंगावर आलं. आतोबा धावत आले, पण हात लावायला नव्हे. "शालीला दोष देऊ नकोस. माल आधीच घसरायला टेकला होता." मग त्या ढिगाऱ्यापुढे १९९८ चं पापुआ न्यू गिनी झालं. भूकंप सातच्या आसपासचा, लाटा मात्र दहा मीटरच्या वर, दोन हजारांहून जास्त माणसं गेली. एवढ्या भूकंपाला एवढी लाट कशी? तळ धुंडाळला तेव्हा तिथे घसरलेला प्रचंड ढीग सापडला. "बरं, मग घड्या घालायला आता पापुआहून कुणी येतंय का?" आत्यानं विचारलं.

होळीला पुरणपोळीवर जपानची खंदक-रचना होते. एक पोळी दुसरीखाली सरकवायची. वरचीची कड अडकते, वाकते, आणि सुटली की ताडकन उसळते. २०११ च्या तिथल्या भूकंपात खंदकाजवळचा तळ पन्नासेक मीटर सरकला, हे दाखवताना तुपाची वाटी धाकट्या जावयाच्या झब्ब्यावर. "बघा, पाणी असंच उचललं जातं!"

गणपतीपुळ्याला नातवंडांना भेळ मिळण्याआधी पाठांतर. पाणी अचानक मागं हटलं तर? शिंपले वेचायचे नाहीत, उंचावर पळायचं. "अहो, आपला समुद्र शांत आहे," असं कुणी म्हणालं की १९४५ चा मकरानचा भूकंप निघतो. त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती. स्वतः मात्र घोट्यापलीकडे पाण्यात जात नाहीत.

गेल्या महिन्यात वीज गेली. सी विंगमध्ये नऊ पस्तीस, बीमध्ये सदतीस, आमच्याकडे चाळीस. आतोबांनी मेणबत्तीच्या उजेडात आलेख काढला: बिघाड पूर्वेकडून पश्चिमेकडे येतोय, वेगही काढला. वायरमन म्हणाला, "काका, फ्यूज एकच आहे. सगळ्यांची एकदमच गेली. घड्याळं वेगवेगळी आहेत."

आतोबा क्षणभर गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढून-उतरून त्यांनी तिन्ही विंगमधल्या चौसष्ट घरांची घड्याळं जुळवून दिली.

काल पुन्हा अंधार झाला. त्यांनी फोन उचलायच्या आत स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, "आठ एकवीस आणि चाळीस सेकंद! लिहून घ्या."