ओट्याखालची खडाजंगी

फ्रँकफर्ट

ती. आईस,


स्वयंपाकघराच्या नव्या कामावरून तुझी आणि वहिनीची, दोघींची गाऱ्हाणी एकाच सकाळी फोनवर ऐकली. मला पंच नेमलंत, आता निकाल ऐका.

मॉड्युलर की कडप्पा, हे नंतर. आधी माळ्यावरचे श्रीखंडाचे रिकामे डबे काढा. ‘लागतात गं’ हे उत्तर मला पाठ आहे. पाइपचा गॅस आल्यावर सिलिंडरची जागा मोकळी झाली, तर तिथे तू रद्दी रचलीस!

इथली तऱ्हा वेगळीच. भाड्याचं घर उघडलं तर स्वयंपाकघरात नुसत्या भिंती आणि नळाचे पाइप. जुने भाडेकरू बऱ्याचदा ओटा-कपाटांसकट जातात म्हणे. तुझे जावई पोलिसांना फोन करायला निघाले होते.

याच गावात मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या बाईंनी १९२६ साली कामगारवस्तीसाठी स्वयंपाकघर आखलं. रुंदी जेमतेम १.९ मीटर, लांबी ३.४. तसली सुमारे दहा हजार बांधली गेली. एक एर्न्स्ट-मे-हाउसमध्ये जपलंय, ते आम्ही पाहून आलो. तांदूळ, साखर, डाळींना ॲल्युमिनियमचे छोटे खण, मूठ धरून ओढायचे आणि तोटीतून थेट पातेल्यात ओतायचे. पीठ ओकच्या लाकडाच्या खणात, कारण त्यातल्या टॅनिनमुळे किडे दूर राहतात. तू रव्यात लवंगा टाकतेस, त्यांनी खणच तसा केला. बाईंनी तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, असं त्या स्वतःच सांगत. हे वहिनीच्या कानावर घालू नकोस.

पण त्या खोलीत एकच बाई मावते. आपल्याकडे गणपतीत गावची मंडळी उतरली की ओट्याकडे डोकं, मोरीकडे पाय करून तिघं झोपतात. तेव्हा जमीन मोकळी हवी, मधोमध काही उभं करायचं नाही. ओट्याखाली दारांची कपाटं नकोत. आतलं काढायला तुला लोटांगण घालावं लागेल. पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर करा, इथे वहिनी जिंकली. मोरीलगत मात्र प्लायवुड नको, फुगतं; तिथे कडप्पाच, इथे तू. भिंतीवरच्या फळ्या एका डब्याएवढ्याच खोल. मागे दुसरी रांग लागली की हळद घरात असूनही पुन्हा आणली जाते. सिलिंडरच्या जागी तांदळाचा पिंप चाकांवर. आणि पोटमाळ्याला सुताराने हात लावायचा नाही! मोदकपात्र, सोऱ्या, लोणच्याच्या बरण्या रोज कोणाला लागतात?

मे महिन्यात मसाला कुटायला जाशील तेव्हा आमचा दोनच किलो कर. इथे ठेवायला जागा नाही. आणि श्रीखंडाच्या डब्यातून पाठव, ते इथे मिळत नाहीत.

तुझी,
लेक

ता. क. वहिनीला वेगळं पत्र टाकलंय. त्यात ती जरा जास्त जिंकलीय.