कवेलूखालचा भाडेकरू

"मॅडम, आयकलं का वो? अकोल्याच्या माह्या भाच्यानं इचू पोसला!"

शेजारच्या काकूंची बातमी कधी 'कसं काय'पासून सुरू होत नाही. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीइतकी. मे महिन्यात अमरावतीत उन्हं उतरल्याशिवाय कोणी बाहेर तोंड काढत नाही, त्यामुळे संध्याकाळी काकू कूलरमध्ये पाणी भरायला मागच्या अंगणात आल्या, की दिवसभराचं साचलेलं सगळं भिंतीवरून इकडे येतं.

"पोसला म्हणजे?"

"पोसला म्हंजे पोसला. लोकं पोपट पोसते, यानं इचू! दर्यापूरच्या वावरातून आनला, धुऱ्यावरचा दगड उलथून. माही बहीन तं त्या खोलीत झाडू मारायले बी बूट घालून जाते."

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून काकूंच्या घरातली पाल असो की गोम, प्रकरण माझ्याकडेच येतं. पहिला प्रश्न विचारला, लाल की काळा?

"कायाकुट्ट. अन् नांग्या अशा, माह्या आंगठ्यायेवढ्या."

जीव भांड्यात पडला. म्हणजे मोठा, बीळ खोदून राहणारा विंचू, ज्याला कोणी इंगळी म्हणतात. ढोबळ खूण अशी, की नांग्या जाड आणि शेपूट बारीक असेल, तर तो शिकारीला नांग्यांवर जास्त भिस्त ठेवतो. नांग्या बारीक आणि शेपूट जाड, तर त्याचं सगळं बळ विषात. काळ्याचा डंखही चांगला ठणकतो, तेव्हा हात लावायचा नाहीच. हलवायचा तर लांब चिमट्यानं. पण लाल निघाला असता, तर मी काकूंना तिथूनच फोन लावायला सांगितला असता.

"राहायला काय दिलं त्याला?"

"फिशट्यांक! मासे मेले तवाचा माळ्यावर पडेल होता. खाली दोन बोटं रेती, वर रंगीत गोटे, प्लास्टिकचं झाड. अन् निया लाइट लावला बाप्पा, लग्नाच्या हॉलवानी."

मी कपाळाला हात लावला. या जनावराचं अख्खं घर जमिनीखाली असतं. दगडाच्या आडोशानं तिरपं बीळ खोदत जायचं, शेवटी ऐसपैस जागा करायची आणि दिवसभर तिथं बसायचं. त्याला दोन बोटं रेती दिली, तर तो रात्रभर काचेला खेटून फेऱ्या मारतो. पोरांना वाटतं, किती खेळतोय! तो बिचारा खोदायला जागा शोधत असतो.

"मंग काया माती भरू दे का?"

"नुसती काळी नको. पाणी पडलं की फुगते, वाळली की..."

"हे मले नका शिकवू मॅडम. उनाळ्यात आमच्या वावरातल्या भेगेत पोट्ट्याचा पाय जाते."

बरोबर. ज्या मातीत पाय जातो त्या मातीत बीळ टिकत नाही. बागेतली साधी माती घ्यावी, औषध आणि खत न पडलेली. त्यात नर्सरीत मिळतं ते कोकोपीट आणि थोडी रेती. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी मात्र गळू नये, इतपत ओल. मग थराथरानं थापीनं ठोकत निदान आठ-दहा इंच भरायची. सैल माती ढासळते, म्हणून ठोकणं महत्त्वाचं. वर कवेलूचा तुकडा ठेवून त्याखाली जाड काडीनं तिरपं भोक पाडून द्यायचं. पुढचं बांधकाम तो स्वतः करतो. जड दगड ठेवायचा हट्ट असेल, तर तो आधी तळाला टेकवावा आणि मग माती भरावी. नाहीतर मालक खालून खोदणार आणि दगड त्याच्याच अंगावर बसणार.

"कवेलूचे तं ढीग हायेत आमच्या जुन्या घरी," काकू आता कूलर विसरल्या होत्या.

पाणीही वरून शिंपायचं नाही. कोपऱ्यात तळापर्यंत नळी उभी करायची आणि तिच्यातून सोडायचं. खाली ओल, वर कोरडं; धुऱ्याच्या पोटात असतं तसं. वरचा थर सतत ओला राहिला की बुरशी धरते. शिवाय प्यायला एक उथळ झाकण, बास.

खरी अडचण पुढे आहे. विंचू पाळायचा सल्ला बहुतेक थंड देशांतून येतो. तिथे पेटीला गरम करणारी चटई लावतात, कारण पंचवीस-तीस अंश राखायचे असतात. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो! तिथे चटई कशाला? आणि तळाखाली तर कुठल्याच गावी लावू नये. ऊन लागलं की विंचू खाली जातो, आणि खालीच शेगडी असेल तर त्यानं जावं कुठं? भाच्यानं पेटी गच्चीखालच्या खोलीतून तळमजल्यावर आणावी. काचेवर उन्हाची एक तिरीपसुद्धा नको.

"अन् बाहेर निंगला तं?"

स्वच्छ काच त्याला चढता येत नाही, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या रेघेवरून तो चढतो. म्हणून तारेच्या जाळीचं घट्ट झाकण हवंच. आठवड्यातून एखादा रातकिडा किंवा झुरळ; फवारा मारलेलं झुरळ अजिबात नाही. आणि एका पेटीत एकच, दोन ठेवले तर एक उरू शकतो. मादी असली तर अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती पाठीवर घेऊन फिरते.

"इचवाचं बिऱ्हाड पाठीवर! अन् हा पोट्टा त्याले काचीचं घर देऊन राह्यला." काकू हसल्या. मग थांबून म्हणाल्या, "पन मॅडम, येवढं केल्यावर तो दिवसा दिसन का?"

नाही. घर जितकं चांगलं, तितका तो कमी दिसणार. रात्री नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्यात हिरवट-निळा चमकतो, तेवढीच चैन.

"मंग पोसाचा कायले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते पाऊस पडायच्या आत त्याला त्याच धुऱ्यावर, त्याच दगडाखाली सोडून यावं. भाचा आता आफ्रिकेतला मोठा काळा विंचू विकत घ्यायचं म्हणतो, असंही काकूंनी हळूच सांगितलं. तो सम्राट विंचू १९९५ पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अशा परदेशी प्राण्यांची नोंद वनखात्याच्या यंत्रणेकडे करावी लागते. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

"अन् लाल चावला तं?"

तो पाळायचाच नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात लाल विंचवानं दगावणारी माणसं पाहिली. ते मूळचे जालना जिल्ह्यातले, डॉक्टर झाले नागपुरात. विष हृदयावर कसं जातं, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. पुढे रक्तदाबावरच्या प्रॅझोसिन या गोळीनं त्यांनी मृत्यू खूप खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. चावलेलं लहान मूल असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा.