कोणतं जर्नल?

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून स्वतःहून चहा सांगितला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या कॉलेजात साध्या कामाची नोटीस निघते आणि कुणालाच नको असलेल्या कामाचा चहा. "सर, तुमचं मराठी चांगलं आहे," ते म्हणाले. बावीस वर्षं मराठी शिकवल्यावर ही बातमी वरपर्यंत पोचली म्हणून मी सुखावलो आणि त्या भरात 'लेखनप्रधान अभ्यासक्रम समन्वयक' होऊन बाहेर पडलो. चहा आलाच नव्हता.

कल्पना मुळात चांगली. लिहायला शिकवणं हे एकट्या भाषेच्या मास्तरांचं काम नाही. रसायनवाल्याने रसायनात, हिशेबवाल्याने हिशेबात मुलांना लिहितं करावं, लिहिलेलं वाचावं, परत द्यावं, पुन्हा लिहून घ्यावं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या पेला नावाच्या लहानशा गावी, सेंट्रल कॉलेजात, १९७०च्या सुमारास वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक याच कामासाठी एकत्र बसले होते. पुढे तिकडे हा प्रकार कॉलेजाकॉलेजांत रुजला. तिकडे अशा वर्गात वीसेक मुलं असतात. आमची एफवाय बीकॉमची एक तुकडी १२० जणांची. प्रत्येकाचे तीन लेख, प्रत्येक लेख दोनदा, म्हणजे ७२० कागद. एका कागदाला पाच मिनिटं धरली तरी साठ तास. हा हिशेब मी प्राचार्यांपुढे मांडला. "म्हणजे जमण्यासारखं आहे," ते म्हणाले.

तसंही २०२४-२५पासून नवं शैक्षणिक धोरण आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत आलं आणि फायलींचं पीक तरारून आलं. मेजर, मायनर, ओई, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी. या गर्दीत माझी एक फाईल कुठेही खपून गेली असती.

पहिली बैठक इतक्या गोडीत झाली की मला संशय यायला हवा होता. रसायनच्या मॅडम म्हणाल्या, "जर्नल सक्तीचं करा. बाकी काही नको." कॉमर्सचे सर म्हणाले, "आमच्याकडे तर जर्नलशिवाय पान हलत नाही." इतिहासाचे सर म्हणाले, "जर्नल हाच पाया आहे." पाऊण तास नुसतं एकमत. एवढं एकमत आमच्या स्टाफरूममध्ये आजवर फक्त दिवाळीच्या सुट्टीवर झालं होतं. इतिवृत्त लिहायला बसलो तेव्हा उलगडा झाला. मॅडमचं जर्नल म्हणजे प्रयोगवही, कॉमर्सचं म्हणजे रोजकीर्द आणि इतिहासाचं म्हणजे संशोधनपत्रिका. मी 'सर्व विभागांत जर्नल सक्तीचे करण्याचा ठराव एकमताने मंजूर' असंच लिहिलं. झालेलं एकमत मोडणारा मी कोण?

मग फिरायला लागलो. भौतिकशास्त्राच्या सरांनी दारातच अडवलं. "सर, तुम्ही तेवढे ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्या, म्हणजे झालं." साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम घेऊन हा माणूस दारोदार फिरतो, अशी माझ्याबद्दल सार्वत्रिक समजूत आहे. वेलांटी हा माझा धंदा, बाकीचं वाक्य त्यांचं.

रसायनच्या प्रयोगशाळेत चोवीस जर्नलं पाहिली. डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजव्या पानावर पेनाने कृती, आणि टायट्रेशनचं रीडिंग चोवीसही जणांचं ९.८. तीनही वेळा. एकाच्याही हातून एक थेंब जास्त पडला नव्हता. मी मॅडमना म्हटलं, "हे जरा विलक्षण वाटत नाही?" "अहो सर, त्याला सीबीआर म्हणतात. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग." नावातच कॉन्स्टंट आहे म्हटल्यावर मी गप्प बसलो. पुढे एका मुलाने खासगीत सांगितलं की हे रीडिंग त्याच्या दादाच्या वेळेपासून कॉन्स्टंट आहे.

पर्यावरणाचा प्रकल्प ही आणखी एक खाण. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या निकालापासून हा विषय शिक्षणात सक्तीचा झाला. आमचा एक विद्यार्थी मात्र न्यायालयाच्याही पुढे गेला आहे. 'आमच्या गावातील ओढा : एक अभ्यास' या त्याच्या प्रकल्पात ओढ्यात डॉल्फिन आहेत. गंगेवरच्या कुठल्याशा लेखात 'गंगा' पुसून 'ओढा' घातलेला. मी त्याला यूजीसीची २०१८ची नियमावली समजावली : दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य, पुढे कारवाई. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मग सर, डॉल्फिन दहा टक्क्यांत बसवतो."

मोबाइलला विचारून लिहिलेल्या निबंधांबद्दल फार बोलत नाही. ते 'आजच्या वेगवान युगात' असे सुरू होतात. आमच्या वेळी गाइडातले 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' असे सुरू व्हायचे. वेग वाढला आहे, एवढंच.

फेब्रुवारीत कॉमर्सच्या गठ्ठ्यात एक कागद सापडला. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीखाली कंसात एका ओळीचा खुलासा लिहायचा असतो. माझ्या आग्रहावरून सरांनी कुरकुरत एक काम दिलं होतं : एक खरी नोंद निवडा आणि खुलासा जरा सविस्तर लिहा. बहुतेकांनी एकाऐवजी दोन ओळी लिहिल्या होत्या. या मुलीने दीड पान लिहिलं होतं. वडिलांचं किराणा दुकान, शेजारच्या काकूंकडे ६४० रुपये थकलेले. काकूंच्या मुलाचं काम सुटलं, त्यानंतर त्या दुकानावरून जाताना पलीकडच्या कडेने जातात, हातातली पिशवी त्या अंगाला घेऊन. वडिलांनी घरात सांगून ठेवलंय की काकूंना हाक मारू नका, त्यांना वाटेल पैशासाठी मारली. त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा गेलं नाही. उधारीच्या वहीत वडिलांनी रक्कम खोडलेली नाही. ते पान तेवढं दुमडून ठेवलंय.

मार्क होते दहापैकी चार.

मी कागद घेऊन तणतणत कॉमर्सच्या स्टाफरूममध्ये गेलो. वर्षभरात हाती लागलेला हा एक कागद, आणि त्याला चार?

सरांनी चष्मा लावला. "नोंद चुकलीय, सर. बुडीत कर्ज खाते नावे, काकूंचे खाते जमा. पोरीने नेमकं उलट केलंय." खाली माझ्यासाठी पेन्सिलीने करून दाखवलं. चूक होतीच. तिच्या नोंदीप्रमाणे काकूंची उधारी बुडण्याऐवजी दुप्पट झाली होती. मी ती नोंद दोनदा पाहिली आणि यावर काय बोलावं मला सुचेना.

सरांनी कागद लगेच परत दिला नाही. उलटून मागचं पान पाहिलं, तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "सर, तुमच्या तासाला बसते ना ती? जरा विचारा," ते हळूच म्हणाले. "त्या बाईंनी पैसे दिले का पुढे? नाही, दिले असतील तर ते बुडीत होत नाही. वसुलीची वेगळी नोंद लागेल."

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर विचारलं. काकूंनी नंतर दोनशे दिले होते. ४४० अजून बाकी आहेत.