जरासं ट्वीक

(खुर्ची, शेजारी तानपुरा. साठीचा गृहस्थ, कानाला फोन.)

हो रे बाळा... पाठव. (फोन ठेवतो.) भाचा. पुण्याला असतो, कॉम्प्युटरवर. माझ्या साठीशांतीची पत्रिका त्यानंच केलीय. काल म्हणाला, "मामा, मजकूर जरासा ट्वीक केलाय." मी म्हटलं, दुखलं का रे?

मग डिक्शनरी काढली. ट्वीक : चिमटीत धरून झटक्यानं पिळणे. नाक, कान वगैरे. अहो, म्हणजे आमचे गणिताचे मास्तर आयुष्यभर ट्वीकच करत होते! (डावा कान चोळतो.) खाली दुसरा अर्थ : किंचित फेरफार. किंचित!

आता यानं काय केलं? 'आमचे येथे श्रीकृपेकरून' काढून तिथं फुगा टाकला. आणि 'मु. पो. देवास'च्या जागी 'इंदूरजवळ'! भिया, याला ट्वीक नाही म्हणत. याला संस्थान खालसा करणं म्हणतात.

आणि संस्थान तरी एक होतं का? तुकोजी आणि जिवाजी, दोघे पवार भाऊ. एकाची थोरली पाती, दुसऱ्याची धाकटी. गाव एक, राजे दोन, वाडे दोन, कारभार दोन. टेकडीवर माताही दोन, मोठी तुळजाभवानी, छोटी चामुंडा. १९२१ साली फॉर्स्टर नावाचा इंग्रज लेखक थोरल्या पातीच्या महाराजांचा सेक्रेटरी होता. परत जाऊन त्यानं अख्खं पुस्तक लिहिलं. लिहिणारच! 'सरकारांनी बोलावलंय' म्हटलं की आधी विचारायचं, कुठल्या?

आमची ही धारची. म्हणते, "तुमच्या गावाला एक राजा पुरला नाही!" मी शांतपणे सांगतो, दुसरा बाजीराव १७७५ साली धारच्या किल्ल्यात जन्मला. मग दोन दिवस जेवणात मीठ नसतं.

खरं ट्वीक हिनं केलं. लग्नानंतरचा पहिला रविवार. आईच्या कांदेपोह्यांत हिनं चिमूटभर बडीशेप टाकली. वरून जीरावन, शेव. आई ताटलीकडे बघतेय. एकेक दाणा बोटानं बाजूला... "हे काय गं?" "काही नाही आई, जरासं." आई महिनाभर बडीशेप वेचत होती. पुढं एका रविवारी घास थांबला. "आज बडीशेप संपली का?"

(तानपुरा जवळ ओढतो.)

कुमार गंधर्व १९४८ साली क्षय घेऊन या गावात आले. गाणं बंद, नुसतं पडून राहायचं. बरे झाले आणि मग इथलेच झाले. त्यांचे तानपुरे ऐकलेत? आम्हाला वाटायचं, खुंटी पिळली की सूर लागला. (पिळतो. बेसूर.) हे आमचे मास्तर. खुंटीनं सूर नुसता अंगणात येतो. घरात आणतो तो हा, घोडीच्या खालचा मणी. (नखानं मणी किंचित सरकवतो. तार छेडतो. थांबतो.) आला. केवढा सरकवला? तुम्हाला दिसलाही नाही.

(फोन वाजतो.)

हं. देवास घातलंस? फुगा काढलास? शाबास. छापायला दे.

(आतून हाक येते. ऐकतो. चेहरा पडतो.)

थांब रे. मामी म्हणतेय, निमंत्रकांत धारची मंडळी वर घ्यायची... हो. सतरा नावं... हो रे, जरासंच.