पद्मिनीचा गिअरबॉक्स : परीक्षण आणि मूल्यनिर्धारण

प्रस्तुत मार्गदर्शन प्रीमिअर पद्मिनी या मोटारीच्या वापरलेल्या गिअरबॉक्सपुरतं मर्यादित आहे. अँबेसेडरवाल्यांनी वाचू नये, त्यांची दुखणी वेगळी. लेखकाची पात्रता अशी : लेखकाला गाडी चालवता येत नाही. मात्र लेखकाच्या दादाकडे ७८ सालची पद्मिनी आहे, ती गेली अकरा वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभी आहे, आणि तिच्यासाठी घरी आलेल्या तिन्ही गिअरबॉक्सचं एकेक टोक लेखकाने उचललेलं आहे. दुसरं टोक आपण उचललं, असं दादा सांगतो.

नियम १. तोंड बंद ठेवावं. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात तेलकट ढिगाऱ्यासमोर उभं राहून 'अरे वा!' म्हणू नये. दर 'अरे वा'ला पाचशे रुपये चढतात, हे लेखकाने स्वतः मोजलं आहे. दादा तर ढीग दिसायच्या आधीच, तेलाच्या वासावरच, 'अरे वा' म्हणतो.

नियम २. ओळख पटवावी. प्रीमिअरचा कारखानाही कुर्ल्यातलाच होता, त्यामुळे हे माहेरी येऊन मोडीत निघणं झालं. १९६४ सालची फियाट अकराशे डिलाइट पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. पाटी बदलली, आत तेच १०८९ सीसीचं इंजिन आणि तोच चार गिअरचा बॉक्स. दांडा स्टिअरिंगला, म्हणून या बॉक्सच्या अंगाला लिंकेज जोडायचे हात असतात. डोक्यावर दांड्याचं भोक दिसलं तर तो बहुधा ११८ एनईचा असतो. ती १९८५ची, निस्सानच्या इंजिनाची. 'एकाच कंपनीचा आहे, बसेल' असं दुकानदार म्हणतो. आमच्या पहिल्या गिअरबॉक्सच्या वेळी दादाही तेच म्हणाला होता. तो बॉक्स सध्या बाल्कनीत आहे, वहिनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवते. (शेवटच्या वर्षांतल्या काही पद्मिनींना दांडा खालीच आला, त्यामुळे घोळ वाढतो. वाढू दे.)

नियम ३. हाताने फिरवावा. हा नियम मात्र खरा आहे आणि पैसे वाचवतो. मागच्या फ्लँजवर खडूने खूण करायची. गिअर टाकायचा, पुढचा शाफ्ट फिरवायचा आणि फ्लँजचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत पुढचे फेरे मोजायचे. चौथ्यात एकाला एक. पहिल्यात पुढचे जवळजवळ चार फेरे झाले की मागचा एक होतो. भलताच आकडा आला तर बॉक्स भलत्या गाडीचा आहे किंवा आत कोणीतरी दोन बॉक्सचा एक केला आहे. फिरवताना हाताला खर्रखर्र लागली तर बेअरिंग गेलं. शाफ्ट धरून वरखाली हलवावा, दातासारखा हलला तर सोडून द्यावा. हे सगळं येऊनही दादाचा आकडा कधी बरोबर येत नाही, कारण दुसऱ्या फेऱ्याला तो दुकानदाराला बाबांच्या गाडीबद्दल सांगू लागतो.

नियम ४. पहिल्या गिअरचे दात बघावेत. या बॉक्सला सिंक्रो दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्यालाच. पहिल्याला नाही. गाडी पूर्ण थांबायच्या आत पहिला टाकला की 'कर्रर्र' व्हायचं, आणि ते प्रत्येक 'कर्रर्र' दातांच्या कडांवर कोरलेलं राहतं. झाकण काढून टॉर्च मारला तर मागच्या मालकाचा स्वभाव दिसतो. कडा गोल झालेल्या असतील तर माणूस घाईचा होता. बाबा सिग्नलला गाडी पूर्ण थांबवायचे, क्लच दाबायचे, एक क्षण थांबायचे आणि मग दांडा असा सरकवायचे, की मागे बसलेल्या आम्हाला कळायचंही नाही. मागून हॉर्न वाजायचे. बाबांना घाई अशी नव्हतीच. असो.

नियम ५. तेल. नव्वद नंबरचं तेल बोटांवर चोळून उन्हात धरावं. पिवळी चमक म्हणजे सिंक्रोच्या ब्रासच्या रिंगा झिजल्यात, त्यावर इलाज आहे. पांढरे कण नखाला टोचले तर पोलाद सुटतंय, तिथे निघावं. तेलातून लाकडाचा भुसा निघाला तर मात्र विक्रेत्याला नमस्कार करावा. भुशाने झिजलेल्या गिअरांचा आवाज दबतो आणि गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत दबलेलाच राहतो. आमच्या दुसऱ्या गिअरबॉक्समध्ये निघाला होता. सागाचा असावा, दादा म्हणाला, रंग चांगला होता.

नियम ६. 'गिअर लागत नाही' म्हणून कोणी बॉक्स विकत असेल तर लगेच घ्यावा. निम्म्या वेळा बॉक्स ठणठणीत असतो, स्टिअरिंगखालच्या लिंकेजचे बुश तेवढे घासलेले असतात. उलट आमच्याच गाडीचंही असंच असेल का, हा प्रश्न घरात विचारू नये. मी विचारला होता. दोन दिवस अबोला.

आता मूल्यनिर्धारण. तळाचा भाव म्हणजे भंगाराचा किलोचा भाव, त्याच्या खाली कोणी येत नाही. त्यावर दात शाबूत असल्याचे पैसे, हाऊसिंगला तडा किंवा वेल्डिंग नसल्याचे पैसे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस संपली. नवा माल आता येणार नाही, असं सांगून दुकानदार हजार वाढवतो. टॅक्सीचा बॉक्स दिवसभर दुसऱ्या गिअरमध्ये रडत चाललेला असतो, असं सांगून आपण हजार कमी करायचे. दोन्ही खरं असतं.

तिसऱ्या गिअरबॉक्सला दुकानदाराने आठ हजार सांगितले. मी हळूच दादाचा सदरा ओढला. दादाने घासाघीस सुरू केली ती साडेसातपासून, आणि ठरले सात हजार आठशे. टेम्पोत तो बॉक्सशेजारी बसला, मी पुढे.

सध्या तो बॉक्स हॉलमध्ये, वर्तमानपत्रावर ठेवलेला आहे. काल रात्री मी गेलो तेव्हा दादा चष्मा कपाळावर चढवून पहिल्या गिअरचे फेरे मोजत होता. मला बघून थांबला, बाबांच्या गाडीचं काहीतरी आठवून सांगू लागला, आणि मग म्हणाला, "किती झाले रे?"

"चारला थोडे कमी," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "बरोबर आहे तो. आता हात धुवा, पानं घेतलीत."